पोकर शिकलो आणि पाणी वाहिलं

लातूर स्वतंत्र जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण पावसाला ही बातमी बहुतेक कुणी कळवलीच नव्हती. गावात नव्या कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या लागल्या, नव्या कोऱ्या जीपगाड्या धूळ उडवत हिंडू लागल्या. नळ मात्र आठवड्यातून एकदा खोकल्यासारखा आवाज करून गप्प बसायचा. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि आम्ही तिघं मित्र एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत होतो.

मी अहमदपूरचा. वडील एसटीत कंडक्टर, लातूर-नांदेड गाडीवर. दुसरा चाकूरजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं दांडगा आणि भुकेनं त्याहून दांडगा. तिसरा भोकरचा. त्याच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. नांदेडच्या कॉलेजात तो पहिल्या वर्षी आपटला, तेव्हा लातूरची हवा अभ्यासाला चांगली आहे असं कुणीतरी त्याच्या अब्बांना सांगितलं, म्हणून त्याची रवानगी इकडे झाली. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारायचो. अहमदपूर, चाकूर, भोकर. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं आत बसस्टँडवरची घोषणा चालू आहे.

तिघांचीही एकच अडचण होती. घरून येणारे पैसे खोलीभाडं आणि खानावळ यातच संपायचे. चाकूरवाल्याला खानावळीत चौथी भाकरी मागता यायची नाही. भोकरवाल्याला स्वतः शिवलेली नव्हे तर दुकानातून विकत घेतलेली पँट हवी होती. मला निदान एक महिना तरी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मनीऑर्डरीशिवाय काढून दाखवायचा होता.

अशात भोकरवाला ईदेला घरी गेला आणि येताना एक पत्त्यांचा जोड घेऊन आला. त्याचा मामू आखातात गाडी चालवायचा, त्यानं दिलेला. पत्ते प्लास्टिकचे होते, पाण्यात बुडवले तरी खराब होत नाहीत असे. ते करून बघण्याएवढं पाणी आमच्याकडं नव्हतं म्हणून आम्ही विश्वास ठेवला. सोबत बोटभर जाडीची एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात पोकर नावाच्या खेळाचे नियम होते.

"मामू बोल्या, उधर लोग इसपे घर चलाते," भोकरवाल्यानं सांगितलं. "ये नसीब का खेल नहीं, दिमाग का है."

"मग तर आपलं अवघडच हाय," चाकूरवाला म्हणाला.

पण मला ते पटलं. त्या वर्षी आम्हाला गणितात संभाव्यता होती, आणि सबंध वर्गात तो भाग आपल्यालाच कळलाय असा माझा समज होता. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती पुस्तिका आठ दिवसांत वाचून काढली. कॉलेजच्या एकाही पुस्तकाच्या वाट्याला तेवढा मान आला नव्हता. खेळ सोपा होता. प्रत्येकाला पाच पानं, त्यातली नको ती एकदा बदलून घ्यायची, मग पैसे लावायचे. एकसारखी दोन पानं म्हणजे जोडी, तीन म्हणजे तिकडी. तिकडी आणि जोडी एकत्र आली की त्याला आम्ही 'घर' म्हणू लागलो, कारण इंग्रजीत तिथं हाऊस असं काहीतरी होतं. खरी मेख पुढं होती. हातात काहीच नसताना खूप काही असल्यासारखे पैसे लावायचे, म्हणजे समोरचा घाबरून पानं टाकून देतो.

"हातात काई नसून असल्यासारखं दाखवायचं," चाकूरवाल्यानं विचार करून सांगितलं, "म्हंजे आमच्या चुलत्याची सोयरीक."

आमच्या घरी दर पौर्णिमेला वंदना व्हायची आणि दादा पंचशील म्हणायचे. मी मनातल्या मनात पाचही शीलं तपासून पाहिली. पत्त्यांचा थेट उल्लेख कुठंच नव्हता. वकिलाच्या चतुराईनं मी तेवढ्यावर समाधान मानलं.

दोन महिने आम्ही चिंचोक्यांवर खेळलो आणि आमच्या मते पारंगत झालो. मी प्रत्येक पान यायची शक्यता तोंडी सांगू लागलो. मग एके दिवशी चाकूरवाल्यानं चिंचोके खाली ठेवले.

"आपुन तिघं एकमेकाचंच घेऊन राहिलो ना? मग बाहेरून पैसा येतोय कुठून?"

ही शंका पुस्तिकेत नव्हती. अख्ख्या लातुरात पोकर येणारी माणसं तीनच आणि तिघंही एकाच खोलीत. बाकी गाव रमी खेळायचं, नाहीतर तीन पत्ती, आणि त्या खेळांत गावातली माणसं आम्हाला खिशासकट विकून आली असती. तेव्हा ठरलं की एखादा पगारदार माणूस शोधायचा, त्याला आपणच पोकर शिकवायचं आणि मग जिंकायचं. आपण शिकवलेला माणूस आपल्यापेक्षा कच्चाच राहणार, अशी आमची खात्री होती.

तो माणूस आमच्या शेजारच्याच खोलीत होता.

नव्या जिल्ह्याबरोबर ज्या कचेऱ्या आल्या, त्यांतल्या एका कचेरीत तो कारकून होता. मूळ नांदेडचा. वय पन्नाशीच्या आसपास, बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. बायको नांदेडला शाळेत शिक्षिका, त्यामुळे इथं तो एकटाच. रविवारी दुपारी तो दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचा, आणि त्या रस्त्यावरून काहीसुद्धा जायचं नाही. त्याच्याकडं टंचाईचं काम होतं. कुठल्या गावाला किती टँकर, हे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. त्याच्या स्वतःच्या खोलीत रांजण कोरडा असायचा.

"भाऊसाहेब, पत्ते खेळणार का?" भोकरवाल्यानं अदबीनं विचारलं.

"कोणता खेळ?"

"नवा आहे. शिकवतो आम्ही."

"शिकवा की," ते म्हणाले आणि खुर्ची आमच्या खोलीत घेऊन आले.

पहिल्या रविवारी आम्ही नियम सांगितले. ते विद्यार्थ्यासारखे ऐकत राहिले, मधूनच एखादी शंका विचारली. एक चिंचोका चार आण्यांचा धरला होता. ठरल्याप्रमाणे आम्ही त्यांना थोडं जिंकू दिलं, गोडी लागावी म्हणून. दुसऱ्या रविवारी ते हरले. फार नाही, पण त्या पैशांत आम्ही तिघांनी बसस्टँडसमोर पोटभर भजी खाल्ली आणि चाकूरवाल्यानं पहिल्यांदाच तिसरी प्लेट मागवली. परत येताना मी हिशेब सांगितला की महिन्याला चार रविवार धरले तर दिवाळीपर्यंत सायकल होईल. भोकरवाला पँटीचा रंग ठरवून मोकळा झाला.

तिसऱ्या रविवारी आम्ही खानावळीचे पैसे घेऊन बसलो.

त्या दुपारी काय झालं ते माझ्या अजून नीट ध्यानात आहे. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, पानं उचलली, आणि पहिल्या अर्ध्या तासात भोकरवाला संपला. चाकूरवाल्याकडं एकदा तिकडी आली, तरी भाऊसाहेबांनी वेळेवर पानं टाकली आणि त्याच्या पदरात दोन चिंचोके पडले. पुढच्या डावात तोही संपला. मग मी आणि ते उरलो. माझ्या हातात एक्का, राजा आणि तीन फुटकळ पानं. बदलून काही मिळालं नाही. मी ठरवलं, हीच ती वेळ. तोंडावर शांत भाव आणला आणि माझे सगळे चिंचोके पुढं सरकवले.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. एखादा अर्ज वाचावा तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी स्वतःची पानं उलटी केली. दुर्रीची जोडी. पत्त्यांत दुर्रीहून खालचं पान नाही आणि तिच्या जोडीहून हलकी जोडी नाही. तेवढ्यावर त्यांनी आमचा महिन्याचा डाळ-भात जिंकला होता.

"तुम्ही एवढ्याशा जोडीवर कसं काय..." माझ्या तोंडून निघालं.

"वीस वर्षं झाली," ते चिंचोके गोळा करत शांतपणे म्हणाले, "लोक माझ्या टेबलासमोर उभं राहून खोटं बोलून राहिले. जमीन कुणाची, बांध कुणी कोरला, सही कुणाची. सवय झाली हो. हे भोकरचे पाव्हणे, चांगलं पान आलं की मांडी बदलतात. हे चाकूरचे श्वास घेणंच बंद करतात. आणि तुम्ही गणित करताना ओठ हलवता. आत्ता हलवले न्हाईत. म्हणलं, गणित करण्यासारखं काही हातात नसंल."

चाकूरवाला जमिनीकडं बघत होता. बहुतेक तिथं त्याला भाकरी दिसत असावी.

भाऊसाहेबांनी नोटा उचलल्या, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिल्या. "पोटाचे पैसे मी घेत नाही. पण फुकटही सोडणार न्हाई, न्हाईतर पुढल्या रविवारी पुन्हा बसाल. पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी माझ्या रांजणाला दोन डबे पाणी. तिघांनी मिळून. कबूल?"

कबूल न करून सांगतो कुणाला. हरलो होतो, शब्द देऊन बसलो.

अशा रीतीनं आमचा धंदा सुरू झाला. गावाबाहेर एका मळ्यातली विहीर अजून आटली नव्हती आणि मालक सगळ्यांना पाणी भरू द्यायचा. येऊन-जाऊन तीन मैल. आम्ही भाड्यानं एक सायकल घेतली, मागं आडवा बांबू बांधला आणि दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे अडकवले. पहिल्या दिवशी घरी पोचेपर्यंत अर्धं पाणी रस्त्याला दिलं. विहिरीवर सगळ्या बायकाच. तीन कॉलेजकुमार रांगेत उभे पाहून एका मावशीनं विचारलं, "का रं, लग्नं झाली का तुमची?" भोकरवाला लाजून डब्यामागं झाला. आठवडाभरात त्याच मावशीनं डब्यात कडुनिंबाची डहाळी टाकायला शिकवलं, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. गणितात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा झाली. बाकीची पोरं गावाला गेली. आम्ही शब्दात अडकलेलो, म्हणून घरी पत्र टाकलं की प्रॅक्टिकल राहिलंय.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि भाऊसाहेबांची बायको नांदेडहून आली. त्या शिक्षिका, म्हणून आम्ही त्यांना बाई म्हणू लागलो. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला डबे उतरवताना पाहिलं.

"ही पोरं कोण हो?"

भाऊसाहेबांनी आढ्याकडं पाहिलं. "कॉलेजची आहेत. समाजसेवा करतात."

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी आम्हाला बसवून गरम धपाटे आणि दही दिलं. चाकूरवाल्यानं आठ खाल्ले आणि समाजसेवेवर त्याची श्रद्धा बसली. पण दुसऱ्या दिवशी आळीत बातमी पसरली. त्या आळीत बदलून आलेली चार-पाच कुटुंबं होती आणि कोपऱ्यावर एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. सगळ्यांच्या दारात रिकामे डबे येऊन बसले. सेवा करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आम्ही रोज सहा-सात खेपा करू लागलो. सायकलचं भाडं आमच्याच खिशातून जात होतं. घोट्याला फोड आले. पोकरचं उत्पन्न असं उलट्या दिशेनं वाहू लागलं होतं.

शेवटी दहाव्या-बाराव्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी मुलं घरोघरी व्हायला पाहिजेत," आणि धपाटा खाता खाता चाकूरवाल्याला राहवलं नाही.

"बाई, खोटं कशाला सांगू. आमी हरलो म्हणून आणून राहिलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. पोकर, चिंचोके, दुर्रीची जोडी. भाऊसाहेब वर्तमानपत्रामागं गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "मला शिकवा तो खेळ."

तासाभरात त्या शिकल्या. मग नवऱ्यासमोर बसल्या. "एकच डाव. मी जिंकले तर पोरं सुटली."

भाऊसाहेबांनी पानं घेतली, दोन बदलली आणि आपल्यासमोरचे सगळे चिंचोके सावकाश पुढं ढकलले. आमच्यापुढं ढकलायचे तसेच. चेहरा कोरा कागद, नजर आढ्याकडं. मी असतो तर पानं टाकली असती. बाईंनी स्वतःच्या पानांकडं पाहिलंसुद्धा नाही, त्यांच्याकडंच बघत राहिल्या.

"तुमच्याकडं काही नाही."

"कशावरून?"

"हुंडा नको म्हणालात तेव्हा असंच आढ्याकडं बघत होतात."

भोकरवाल्याला ठसका लागला. भाऊसाहेबांनी पानं खाली टाकली. खरंच काही नव्हतं. बाईंकडं अठ्ठ्यांची जोडी होती. भाऊसाहेब एवढे मनापासून हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या तेवीस वर्षांत हा विषय पहिल्यांदाच निघाला असावा, कारण नंतर बराच वेळ त्या दोघांचं आत बोलणं चाललं होतं आणि आम्ही धपाट्यांचं ताट घेऊन बाहेर बसलो होतो.

आम्ही सुटलो, पण आळीला पाणी तर लागणारच होतं. बाईंनीच तोड काढली. खेपेला एक रुपया, आणि आजीचं फुकट. ज्याला परवडत नाही त्यानं स्वतः विहिरीवर जावं. शेजारच्या एका घरातल्या काकूंनी कुरकुर केली, "सेवेचे पैसे कधीपासून हो?"

"कालपासून," बाई म्हणाल्या.

सगळ्यात आधी भाऊसाहेबांनी रुपया दिला.

त्या मे महिन्यात आम्ही जेवढे पैसे कमावले, तेवढे पोकरमध्ये मी पुस्तिका पाठ करूनही मिळाले नसते. चाकूरवाला हवं तेवढं खाऊ लागला. भोकरवाल्यानं पँट घेतली, एकदा धुतल्यावर ती आखूड झाली, आणि शेवटी त्याच्या अब्बांनी तिची शिलाई उसवून लांब करून दिली. आता माझा पुतण्या मोबाइलवर पत्ते खेळतो आणि काका, ह्यात स्किल आहे म्हणतो, तेव्हा मला हसू आवरावं लागतं. त्याला मी एवढंच विचारतो की पलीकडं कोण बसलंय ते तुला दिसतं का. तो म्हणतो, दिसण्याची गरज नसते. मी वाद घालत नाही.

मेच्या अखेरीला भाऊसाहेब आणि बाई एका लग्नासाठी नांदेडला गेले. गाडी दादांची होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि तिकीट घेता घेता कंडक्टरला सांगू लागल्या की लातुरात किती गुणी पोरं आहेत, त्यातला एक तर तुमच्यातल्याच एकाचा, अहमदपूरच्या कंडक्टरचा मुलगा. अहमदपूर येईपर्यंत दादांनी तिकिटं फाडत फाडत आमचं सगळं चरित्र ऐकलं. आपण कोण हे सांगितलं नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी ते खोलीच्या दारात उभे राहिले. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी. मी डब्याला दोरी बांधत होतो.

"प्रॅक्टिकल कसं चाललंय?" त्यांनी डब्याकडं बघत विचारलं.

मी दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागलो. भोकरवाला आणि चाकूरवाला एकदम उठून उभे राहिले. दादांनी पेटी आत ठेवली आणि म्हणाले, "चला. गाडीला अजून तीन तास आहेत."

ते आमच्याबरोबर विहिरीवर आले. रांग बरीच होती. पण अर्ध्या बायका त्यांच्या गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्या निघाल्या. "अगं, कंडक्टरसाहेब आल्येत," म्हणत त्यांनी आम्हाला पुढं घेतलं. दादा म्हणाले, "न्हाई, नंबरानं," आणि उन्हात खाकी टोपी सारखी करत रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. आम्हाला उभं राहणं भाग पडलं. येताना चढावर त्यांनी मागून सायकलला हात दिला. त्यांचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता.

स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो. गाडी लागली होती. मी म्हणालो, "दादा, चुकलं."

"खेळलास ते चुकलंच," ते म्हणाले. "हरल्यावर पळाला न्हाईस, ते बरं केलंस." मग थोडं थांबून, "खेळायचंच असंल तर घरी ये आणि आईसंगं खेळ. तिला खोटं बोलता येत न्हाई. तू जिंकशील."

मी खिशातून चाळीस रुपये काढून त्यांच्यापुढं धरले. एक महिना मनीऑर्डर नको, असं सांगायचं मनात घोळवून ठेवलं होतं, पण ते राहूनच गेलं. त्यांनी नोटा घेतल्या. चामडी पिशवीत सरकारी पैसे असत, तिच्यात त्यांनी त्या टाकल्या नाहीत. शर्टाचा वरचा खिसा उघडला, त्यात ठेवल्या आणि गुंडी लावली. मग पायरीवर चढून दोनदा घंटी मारली, आणि गाडी अहमदपूरच्या दिशेनं निघाली.